हप्ता पगारातून येणार की घराच्या वाढत्या किमतीतून? घरकर्ज देणाऱ्या संस्थांना आणि नियामकांना खुलं पत्र

घरकर्ज देणाऱ्या बँकांच्या आणि फायनान्स कंपन्यांच्या संचालकांना, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या सगळ्या नियामकांना,

स. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला लिहितेय कारण घरकर्जाचा खरा निर्णय तुमच्या टेबलावर होतो. कर्ज घेणारा फॉर्म भरतो, दाखवाल तिथे सह्या करतो, पण किती द्यायचं, कोणत्या दराने द्यायचं, पगाराचे कागद तपासायचे की नुसते फाइलला लावायचे, हे सगळं तुम्ही ठरवता. आणि तरी कर्जं बुडायला लागली की सगळीकडे पहिलं वाक्य तेच ऐकू येतं, लोकांनी ऐपत नसताना कर्जं घेतली. मला ते पटत नाही. का पटत नाही ते नीट, आकड्यांसकट सांगायचंय, म्हणून पत्र जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

घरकर्ज दोन प्रकारे देता येतं. एक, समोरच्या माणसाची कमाई बघायची, घरखर्च वजा जाता हातात काय उरतं ते बघायचं, आणि त्यातून हप्ता निघेल एवढंच द्यायचं. दुसरं म्हणजे घराची किंमत बघायची, की याने नाही फेडलं तरी घर विकून आपले पैसे वसूल होतील, तोपर्यंत किंमत वाढलेलीच असेल. या दुसऱ्या प्रकारात माणसाने हप्ता भरला काय आणि नाही भरला काय, देणाऱ्याला फारसा फरक पडत नाही, आणि किमती चढत असेपर्यंत हे चालूनही जातं. माझ्या मते धोकादायक घरकर्ज म्हणजे हेच. व्याजदर जास्त, डाउन पेमेंट कमी, ही सगळी वरवरची लक्षणं झाली. मुळात हप्ता पगारातून येणार नाहीये हे देणाऱ्याला पहिल्याच दिवशी दिसत असतं आणि तरी तो सही करतो, दुखणं तिथे आहे.

अमेरिकेत २००३ ते २००६ मध्ये धडाधड विकलं गेलेलं सबप्राइम कर्ज, म्हणजे परतफेडीची पत कच्ची मानलेल्या लोकांना चढ्या दराने दिलेलं कर्ज, बघा. त्याला तिकडे टू-ट्वेंटीएट म्हणायचे. ३० वर्षांचं कर्ज, पहिली दोन वर्षं दर ठरलेला, पुढची २८ वर्षं दर बाजाराप्रमाणे बदलणार, आणि तो बदलताना वर ठरलेली जाडजूड भर पडणार हे करारातच लिहिलेलं. दर चढला की हप्त्याचं काय होतं ते एका साध्या गणितात सांगते (सबप्राइमचे खरे दर याहून बरेच वर होते, समजायला सोपे म्हणून हे आकडे). ३० वर्षांच्या कर्जाला ४ टक्के दराने १ लाखामागे महिन्याचा हप्ता साधारण ४७७ येतो, आणि दर ८ टक्के झाला की तोच हप्ता ७३४ च्या आसपास जातो, म्हणजे दीडपटीच्या वर. पगार काही दोन वर्षांत दीडपट होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि ते कर्ज बनवणाऱ्यांनाही माहीत होतं.

मग हे कर्ज फिटणार कसं? तर दोन वर्षांनी घराची किंमत वाढलेली असेल, त्या वाढलेल्या किमतीवर नवं कर्ज काढायचं, त्यातून जुनं फेडायचं आणि परत दोन वर्षं कमी हप्ता भरायचा, आणि अशी प्रत्येक फेरी झाली की प्रोसेसिंग फी वेगळी, ब्रोकरचं कमिशन वेगळं, बऱ्याच करारांत मुदतीआधी कर्ज बंद केल्याचा दंडही वेगळा. आणि एवढं करून या दोन वर्षांत मुद्दल किती कमी होतं ते विचारा. ७ टक्क्यांच्या ३० वर्षांच्या कर्जात दोन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले तरी मुद्दलातले जेमतेम २ टक्के फिटतात. म्हणजे किंमत नुसती जागेवर थांबली तरी पुढचं रिफायनान्स, म्हणजे जुनं फेडायला नवं कर्ज, मिळणं अवघड, पडायचीही गरज नाही.

याच्याही पुढचा प्रकार होता ऑप्शन एआरएम. त्यात महिन्याला किती भरायचं ते ग्राहकाने निवडायचं, झालेल्या व्याजापेक्षा कमी भरलं तरी चालायचं, राहिलेलं व्याज मुद्दलात चढायचं. म्हणजे माणूस दर महिन्याला पैसे भरतोय आणि कर्ज दर महिन्याला वाढतंय. मग उत्पन्नाचा पुरावा न मागता दिलेली कर्जं आली, ग्राहक (किंवा त्याच्या वतीने ब्रोकर) सांगेल तो आकडा फॉर्मवर लिहायचा. उत्पन्न नाही, नोकरी नाही, मालमत्ता नाही अशांना दिलेल्या कर्जाला निंजा लोन असं नावच पडलं होतं, आणि हे नाव काही कर्जदारांनी पाडलेलं नव्हतं, ते धंद्यातल्या लोकांच्याच तोंडी होतं. ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँक घराच्या किमतीच्या १२५ टक्क्यांपर्यंत पैसे द्यायची, ९५ टक्के तारणावर आणि वरचे ३० टक्के विनातारण.

आणि हे सगळं नव्याने घडत होतं असंही नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेतली बरीच घरकर्जं तीन ते पाच वर्षांची असायची, मधल्या काळात नुसतं व्याज भरायचं आणि शेवटी मुद्दल एकदम द्यायचं. ते एकदम कोण देणार, मुदत संपली की लोकं कर्ज रिन्यू करून घ्यायची. महामंदीत बँकाच मोडल्या, रिन्यू करणारं कोणी उरलं नाही, आणि १९३३ पर्यंत दिवसाला हजाराच्या आसपास घरं जप्त व्हायला लागली. त्याच वर्षी तिथल्या सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढून साधारण १० लाख कर्जं आपल्याकडे घेतली आणि लांब मुदतीची, प्रत्येक हप्त्यात थोडं मुद्दल फिटत जाईल अशी करून दिली. आज आपण ज्याला साधं सरळ घरकर्ज समजतो ते अमेरिकेत रुळलं ते त्या होरपळीनंतर. मग सत्तर वर्षांनी याच धंद्याने परत रिन्यू करत राहायची कर्जं बाजारात आणली, नावं तेवढी नवी. मला सगळ्यात जास्त चीड याची येते. काय चुकतं ते कळलेलं होतं, त्यावरचा उपाय कायद्यात, व्यवहारात मुरलेला होता, आणि तो हातचा घालवला.

आता कोणाला काय फायदा होता म्हणून हे चाललं ते बघू. जून २००३ ते जून २००४ अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, दर १ टक्क्यावर होता, जगभर पैसा जास्त परतावा शोधत फिरत होता. ते एक कारण, पण स्वस्त पैसा नुसता असल्याने कोणी न फिटणारं कर्ज देत नाही, ते द्यायला कोणाला तरी पैसे मिळावे लागतात. ब्रोकरला मिळत होते. ग्राहक ज्या दराला पात्र आहे त्यापेक्षा महाग दराचं कर्ज त्याच्या गळ्यात मारलं की कर्ज देणारी कंपनी ब्रोकरला वरून पैसे द्यायची, आणि ग्राहक समजायचा की हा माणूस आपल्यासाठी स्वस्त कर्ज शोधतोय. ही पद्धत कायदेशीर होती! ती बंद व्हायला २०११ उजाडलं, तोपर्यंत लाखो घरं जाऊन झाली होती.

कंपनीलाही मिळत होते, कारण कर्ज तिच्याकडे राहतच नव्हतं. कर्ज द्यायचं, थोड्याच दिवसांत वॉल स्ट्रीटवर विकायचं, तिथे हजारो कर्जांचा गठ्ठा करून त्यावर रोखे काढायचे, रोख्यांवर मानांकन (ते किती सुरक्षित आहेत याचा शेरा) घ्यायचं आणि जगभरातल्या पेन्शन फंडांना, बँकांना विकायचे. यात प्रत्येकाने आपली फी पहिल्याच दिवशी घेतलेली, आणि कर्ज फिटतंय की नाही हे कळायला पुढची दोन-तीन वर्षं लागणार. मानांकन देणाऱ्या संस्थांची फी देत होता तो रोखे विकणारा. अमेरिकी सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या २०११ च्या अहवालात आहे की मूडीज या एकट्या संस्थेने २००६ मध्ये दर कामाच्या दिवशी घरकर्जांशी संबंधित ३० रोख्यांवर ट्रिपल एचा, म्हणजे सगळ्यात सुरक्षित असल्याचा, शिक्का मारला, आणि त्या वर्षी ट्रिपल ए मिळालेल्या घरकर्ज रोख्यांपैकी ७३ टक्के २०१० पर्यंत जंक, म्हणजे बुडायची भीती असलेल्या, दर्जाला उतरवावे लागले. त्यांच्या गणितांमागे एक गृहीतक होतं, की देशभरातल्या घरांच्या किमती सगळीकडे एकदम पडणार नाहीत. म्हणजे शेवटी सगळ्यात वरच्या मजल्यावरही भरवसा किमतीवरच होता, पगाराकडे कोणीच बघत नव्हतं.

कर्जावर रोखे काढणं मुळातच वाईट असं माझं म्हणणं नाही, हे इथे स्पष्ट करते. डेन्मार्कमध्ये १७९५ च्या कोपनहेगनच्या मोठ्या आगीनंतर घरं परत बांधायला अशीच व्यवस्था उभी राहिली आणि ती सव्वादोनशे वर्षं चालू आहे. तिथेही घरकर्जाचे पैसे रोखे विकूनच येतात. पण कर्ज बुडालं तर तोटा ते कर्ज देणाऱ्या संस्थेलाच सोसावा लागतो, तो दुसऱ्यावर ढकलता येत नाही, आणि राहत्या घरासाठी तारण कर्ज किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं. २००८ नंतर तिथल्याही किमती चांगल्याच उतरल्या, तरी अमेरिकेसारखी कर्जं थकली नाहीत. ज्याने सही केली त्याच्याच खिशाला चाट बसणार असेल तर तो पगाराचा कागद नीट वाचतो.

आता ते लाडकं वाक्य, लोकांनी ऐपत नसताना कर्जं घेतली. याचंच थोडं सुशिक्षित रूप म्हणजे, सरकारने गरिबांना घरं द्या म्हणून बँकांवर दबाव आणला, म्हणून हे झालं. अमेरिकेत त्यासाठी १९७७ च्या कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट कायद्याकडे बोट दाखवतात. त्याच चौकशीत तपासलं गेलं तेव्हा दिसलं की महाग दराच्या कर्जांपैकी फक्त ६ टक्के कर्जांचा त्या कायद्याशी काही संबंध होता. बाकीची बहुतेक अशा कंपन्यांनी किंवा अशा ठिकाणी दिली जिथे तो कायदा लागूच नव्हता. आणि आयर्लंडमध्ये असा कायदा होता का, स्पेनमध्ये होता का? तिथेही तेच झालं ना. गरिबाला घर मिळावं म्हणून आटापिटा करणारा बाजार त्याला महागातलं कर्ज विकत नाही. उलट चांगल्या दराला पात्र असलेल्या लोकांना मुद्दाम महाग कर्जाकडे वळवलं जात होतं. कंट्रीवाइड या तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या घरकर्ज कंपनीवर अमेरिकेच्या न्याय खात्याने आरोप ठेवला होता की तिने दोन लाखांहून जास्त कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कर्जदारांना गोऱ्या कर्जदारांपेक्षा महाग पडणारी कर्जं दिली, आणि २०११ मध्ये ते प्रकरण ३३.५ कोटी डॉलरना मिटवलं गेलं.

खोटं उत्पन्न सांगणारे कर्जदार होते, दोन वर्षांत विकून नफा काढायला तीन-तीन चार-चार घरं घेणारेही होते, मी नाकारत नाही. पण पगाराची स्लिप मागायची नाही असं कोणी ठरवलं? एक माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घरकर्ज घेतो. तुम्ही रोज देता. तुमच्याकडे वकील आहेत, हजारो जुन्या कर्जांचा हिशोब आहे, दर दोन टक्के वाढला तर कोण कोण अडकेल हे तुम्हाला दुपारच्या जेवणाआधी काढता येतं. त्याच्याकडे काय असतं, तर बँकेने दिलं म्हणजे आपल्याला झेपत असणार हा विश्वास. डॉक्टरने औषध लिहून दिलं की आपण गोळीचं रसायन तपासत बसत नाही, तसंच आहे हे. तो विश्वास हा त्याचा मूर्खपणा आहे असं म्हणणाऱ्यांनी मग बँकेच्या पाटीवरून विश्वास हा शब्द काढून टाकावा.

नियामकांनो, आता तुमच्याशी बोलते. संकट आल्यावर तुमच्यातले बरेच जण म्हणाले की हे कोणालाच आधी दिसलं नव्हतं. दिसलं होतं. एडवर्ड ग्रॅमलिक हे फेडरल रिझर्व्हच्या गव्हर्नर मंडळावर होते, त्यांनी २००० च्या सुमाराला अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांना सुचवलं की बँकांच्या ज्या उपकंपन्या अशी कर्जं देतात तिथे आपले तपासनीस पाठवू या. ग्रीनस्पॅन यांना ते मान्य नव्हतं. अन्यायकारक घरकर्जांवर बंदी घालायचा अधिकार फेडकडे १९९४ च्या कायद्याने आलेला होता, आणि सगळ्या सबप्राइम कर्जांना लागू होईल असा नियम त्या अधिकाराखाली आला जुलै २००८ मध्ये. एवढी वर्षं अधिकार कागदावर पडून होता. सप्टेंबर २००४ मध्ये एफबीआयने जाहीरपणे सांगितलं होतं की घरकर्जातली फसवणूक साथीसारखी पसरतेय.

खालच्या पातळीवर तर याहून आधी कळलं होतं, कारण रिकामी घरं तिथेच दिसतात. जॉर्जिया राज्याने २००२ मध्ये कडक कायदा केला, ज्यात कर्ज विकत घेणाऱ्यावरही जबाबदारी येत होती. मानांकन संस्थांनी सांगितलं की मग आम्ही जॉर्जियातल्या अशा कर्जांच्या रोख्यांना मानांकन देणार नाही, आणि काही महिन्यांत कायदा पातळ झाला. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहराने २००२ मध्ये स्वतःचा नियम केला, तो पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. २००४ मध्ये तर राष्ट्रीय बँकांच्या केंद्रीय नियामकानेच ठरवलं की राज्यांचे असे कायदे आमच्या बँकांना लागू नाहीत. ज्यांना धोका दिसत होता त्यांचे हात बांधले आणि ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांनी तो वापरला नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये ग्रीनस्पॅन यांनी संसदेच्या समितीसमोर कबूल केलं की बँका स्वतःच्या हितासाठी तरी काळजी घेतील या आपल्या विचारात खोट निघाली. कबूल केलं हे चांगलंच, पण तोपर्यंत लेहमन ब्रदर्स ही वॉल स्ट्रीटवरची बडी बँक बुडून महिना उलटला होता.

पुढचा क्रम तुम्हाला पाठ असेल. फेडचा दर जून २००६ पर्यंत ५.२५ टक्के झाला, त्याच सुमाराला किमतींची चढण थांबली, रिफायनान्स मिळेना, एप्रिल २००७ मध्ये न्यू सेंच्युरी ही सबप्राइममधली मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली, ऑगस्टमध्ये बीएनपी परिबास या फ्रेंच बँकेने आपले तीन फंड गोठवले कारण आतल्या रोख्यांची किंमतच लावता येत नव्हती, सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न रॉकच्या दारात रांगा लागल्या, आणि सप्टेंबर २००८ मध्ये एकाच महिन्यात फॅनी मे, फ्रेडी मॅक या घरकर्जं विकत घेणाऱ्या दोन मोठ्या संस्था सरकारने ताब्यात घेतल्या, लेहमन बुडाली, एआयजी या विमा कंपनीला वाचवावं लागलं आणि वॉशिंग्टन म्युच्युअल ही अमेरिकेच्या इतिहासातली सगळ्यात मोठी बुडालेली बँक ठरली. हे सगळं आपण बँकांच्या नावांनी लक्षात ठेवतो. माणसांच्या बाजूने ते असं दिसतं: अमेरिकेत ८० लाखांहून जास्त नोकऱ्या गेल्या, ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारी १० टक्क्यांवर पोचली, आणि श्रीमंतीच्या क्रमात अगदी मधोमध येणाऱ्या अमेरिकन कुटुंबाची एकूण निव्वळ मालमत्ता २००७ मध्ये साधारण १,२६,००० डॉलर होती ती २०१० मध्ये ७७,००० वर आली. ज्यांनी कधी सबप्राइम कर्ज घेतलं नव्हतं, एकही हप्ता चुकवला नव्हता त्यांचंही गेलं, कारण शेजारची घरं लिलावात निघाली की आपल्या घराची किंमतही घसरते. आतिफ मियाँ आणि अमीर सूफी या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलंय की ज्या भागात घरांवर कर्ज जास्त होतं तिथल्या लोकांनी खर्च सगळ्यात जास्त आखडला, आणि त्याचे चटके कर्ज नसलेल्या दूरच्या कामगारांच्या नोकऱ्यांपर्यंत गेले.

युरोपात अजून वाईट गोष्ट दिसली. स्पेनमध्ये घर जप्त झालं तरी कर्ज संपत नव्हतं. लिलावात कोणी बोली लावली नाही तर बँक ते घर ठरलेल्या मूल्याच्या ५० टक्क्यांत घेऊ शकायची (२०११ मध्ये ते ६० केलं), आणि उरलेली रक्कम, वर दंडव्याज, त्या माणसाच्या डोक्यावर तशीच राहायची. घर गेलं, नोकरी गेली आणि कर्ज जिवंत. २०१३ मध्ये तिथली बेकारी २६ टक्क्यांच्या वर होती. २००९ मध्ये बार्सिलोनात अशा कर्जदारांची संघटना उभी राहिली, लोकं एकमेकांच्या दारात उभं राहून जप्ती अडवायला लागली, आणि मार्च २०१३ मध्ये युरोपियन न्यायालयाला सांगावं लागलं की करारातली कलमं अन्यायकारक आहेत का हे न तपासताच घर काढून घेणारा तिथला कायदा ग्राहकाला पुरेसं संरक्षण देत नाही.

हंगेरी आणि पोलंडमध्ये लोकांना स्विस फ्रँकमधली घरकर्जं विकली, कारण फ्रँकचा व्याजदर कमी. पगार फोरिंटमध्ये, झ्लॉटीमध्ये, आणि हप्ता फ्रँकच्या भावाने. हंगेरीत २००८ मध्ये एक फ्रँक साधारण १६० फोरिंटच्या आसपास होता, २०१४ च्या शेवटी सरकारने ती कर्जं सक्तीने फोरिंटमध्ये बदलली तेव्हा तो २५६ वर गेला होता. हप्ता भरत राहूनही देणं फुगत गेलं. नंतर दोनच महिन्यांत, जानेवारी २०१५ मध्ये फ्रँकने अजून मोठी उडी मारली, हंगेरीतली बहुतेक कुटुंबं थोडक्यात वाचली, पोलंडमधली वाचली नाहीत आणि तिथले खटले वर्षानुवर्षं चालू राहिले. ज्याचा पगार एका चलनात आहे त्याला दुसऱ्या चलनातलं ३० वर्षांचं कर्ज देताना कोणत्या बँकरला हे कळत नसेल, मला खरंच समजत नाही.

आणि मदत कोणाला मिळाली? एआयजीसाठी ८५ अब्ज डॉलर एका रात्रीत निघाले. घरमालकांचे हप्ते कमी करून द्यायची योजना २००९ मध्ये आली, ३० ते ४० लाख कुटुंबांना फायदा होईल असं सांगितलं होतं, २०१० संपेपर्यंत कायमस्वरूपी बदल मिळाला तो सुमारे ५ लाखांना. लोकं तेच कागद परत परत पाठवत राहिली, एक विभाग सवलतीचा अर्ज तपासतोय आणि त्याच बँकेचा दुसरा विभाग लिलावाची तारीख काढतोय असं सर्रास चाललं. २०१० मध्ये उघड झालं की जप्तीची प्रतिज्ञापत्रं न वाचता घाऊक सह्या करून कोर्टात जात होती, त्यावरून २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांना ४९ राज्यांशी २५ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. कर्ज देताना कागद वाचले नाहीत आणि घर काढून घेतानाही वाचले नाहीत.

त्यानंतर नियम सुधारले, हे मान्य आहे. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने आणि २०१४ पासून लागू झालेल्या नियमांनी फेडायची ऐपत तपासणं बंधनकारक केलं. आयर्लंडमध्ये किमती निम्म्यावर आल्यावर २०१५ मध्ये मध्यवर्ती बँकेने सांगितलं की कर्ज वार्षिक उत्पन्नाच्या साधारण साडेतीन पटीच्या आत. कॅनडात २०१८ पासून ठरलेल्या दरापेक्षा किमान २ टक्के जास्त दराने हप्ता झेपतो का ते बघावं लागतं. पण किमती चढायला लागल्या की हे नियम सैल होतात, ते मला बोचतं. आयर्लंडमध्ये पहिलं घर घेणाऱ्यांसाठी मर्यादा २०२३ पासून चार पट झाली. अमेरिकेत सुरक्षित कर्जाच्या व्याख्येत हप्ते उत्पन्नाच्या ४३ टक्क्यांच्या आत हवेत अशी अट होती, ती काढून कर्जाचा दर बाजारातल्या सरासरीच्या किती वर आहे अशी कसोटी आणली, आणि रोखे काढणाऱ्याने ५ टक्के जोखीम स्वतःकडे ठेवायची हा नियम याच सुरक्षित म्हटल्या गेलेल्या घरकर्जांना लागू नाही, म्हणजे जिथे आग लागली होती नेमकं तिथलंच बरंचसं आवार मोकळं सोडलं.

मर्यादा घातल्या की तरुण मुलांना घर मिळत नाही, भाडं भरतात तेवढाच हप्ता असता तरी बँक नाही म्हणते, ही तक्रार खरी आहे आणि ती मी हलक्यात घेत नाही. पण घरं तेवढीच असताना सगळ्यांना जास्त कर्ज दिलं तर सगळेच जास्त बोली लावतात आणि किंमत वर जाते, घर मिळणाऱ्यांची संख्या फारशी वाढत नाही, त्यांच्या डोक्यावरचं कर्ज मात्र वाढतं. त्यांना घरं हवी आहेत, ती बांधली जावीत यासाठी भांडायला मी त्यांच्या बरोबर आहे. टेक्सासमध्ये घरावर सगळं मिळून किमतीच्या ८० टक्क्यांच्या वर जाईल असं रोख कर्ज काढायला राज्यघटनेनेच मनाई आहे, आणि २००८ च्या संकटात तिथे घरं बुडायचं प्रमाण फ्लोरिडा, नेवाडासारखं झालं नाही. असा साधा नियम लोकांना पाळता येतो, आणि मोडला तर लगेच दिसतोही.

तर मागणी अशी आहे. पगाराचा, धंद्याचा पुरावा स्वतः तपासल्याशिवाय एकही कर्ज मंजूर करू नका, आणि दर वाढल्यावरचा हप्ता ग्राहकाला सहीच्या आधी आकड्यात दाखवा, वीस पानी करारातल्या कलमात नको. कर्ज विकणाऱ्याचं कमिशन आणि वरच्या साहेबांचा बोनस दोन्ही काही वर्षं हप्ते नीट आल्यावरच द्या. कर्ज पुढे विकायचं तर विका, पण बुडाल्यावर तोट्याचा खराखुरा वाटा तुमच्याकडे राहू दे. हप्ता थकला तर पहिला फोन वसुलीवाल्याचा नको, ज्याला मुदत वाढवायचा, दर कमी करायचा अधिकार आहे अशा माणसाचा हवा, आणि सवलतीचा अर्ज चालू असताना लिलाव थांबलाच पाहिजे. घर विकूनही कर्ज उरलं तर प्रामाणिक माणसाला त्यातून सुटायचा मार्ग कायद्यात असायला हवा. नियामकांनो, तुमच्याकडे जे अधिकार आहेत ते किमती चढत असताना वापरा, पडल्यावर ते वापरून कोणाचं घर वाचत नाही.

आणि एक आकडा मला तुमच्या प्रत्येकाकडून हवाय. गेल्या वर्षी तुम्ही दिलेल्या घरकर्जांपैकी किती कर्जं अशी आहेत की पुढची दहा वर्षं घराची किंमत अजिबात वाढली नाही आणि दर २ टक्क्यांनी चढला, तरी नुसत्या पगारावर हप्ते चालू राहतील? हे काढायला लागणारी सगळी माहिती तुमच्याकडेच आहे. तो आकडा दर वर्षी वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर छापा, आणि नियामकांनी तो छापणं सक्तीचं करावं.

उत्तराची वाट बघतेय.

आपली,
हप्ते भरणाऱ्यांपैकी एक